सहा जणांची एक वही



मध्यंतरी एका लग्नात भेट झाली तेव्हा तीन-चार भगिनींनी आम्हांला विचारलं, "तुम्ही त्या आजींचं औषधपाणी सगळे मिळून कॉम्प्युटरवर लिहिता म्हणे, ते कसं काय?" लग्नाच्या गडबडीत तोंडी सांगायला गेलं की अर्धं सांगायचं राहतं आणि अर्धं ऐकायचं राहतं. तेव्हा म्हटलं, नीट लिहूनच द्यावं. आपल्यातल्या पुष्कळ घरांतून आज अशी एक तरी आजी किंवा आजोबा आहेत, मुलं चार गावांना विखुरली आहेत, आणि "आईला आज गोळी दिली का?" एवढ्याचसाठी रोज दहा फोन होतात. त्या घरांना याचा काही उपयोग झाला तर आनंद आहे.

आम्ही म्हणजे सहा जण. अश्दोदला आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर या आजी राहतात. मूळच्या रेवदंड्याच्या, वय आता ८९. नाव घालत नाही, त्यांना आवडायचं नाही. त्यांची मुलगी येरुशलायिमला नोकरी करते. मुलगा ठाण्यालाच राहिला. मुलीची मुलगी, म्हणजे आजींची नात, हे काम सुरू झालं तेव्हा पंधरा वर्षांची होती. आजींची मेतापेलेत केरळची, ती आजींना अम्मा म्हणते. खालच्या मजल्यावर एक काका होते, तरुणपणी मुंबईला टपाल खात्यात कारकून. आणि सहावी जी, ती जन्मभर नर्सचं काम करून निवृत्त झालेली. तीच हे सगळ्यांच्या वतीनं लिहिते आहे.

२०२२ च्या हिवाळ्यात, हनुक्काच्या सुमारास, आजी इस्पितळातून घरी आल्या. हृदयाचे ठोके अनियमित, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी सुरू झाली. साखरेचा आजार आधीपासून होताच. ज्यांना ही गोळी ठाऊक आहे त्यांना सांगायला नको की हिचा डोस कायमचा ठरलेला नसतो. थोड्या थोड्या दिवसांनी रक्ताची आय.एन.आर. तपासणी करायची, आणि आकडा पाहून डॉक्टर गोळी वाढवतात किंवा कमी करतात. बऱ्याच रोग्यांत हा आकडा २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा असतो. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. म्हणजे इथं "कोणी तरी दिली असेल" हे चालतच नाही.

पहिला महिना कसा गेला ते काय सांगावं! मुलगी मेतापेलेतला फोन करी, मेतापेलेत आम्हांला विचारी, आम्ही काकांना, आणि ठाण्याहून मुलगा रात्री सगळ्यांना. एकच गोष्ट सहा ठिकाणी आणि सहाही ठिकाणी जराशी वेगळी. टेलिफोनचं बिल वाढलं, माहिती काही वाढली नाही.

आम्ही नर्स मंडळींना हा प्रश्न नवा नव्हता. वॉर्डात एका रोग्याला दिवसाचे तीन हात लागतात: सकाळची पाळी, दुपारची आणि रात्रीची. इथं आपण मिश्मेरेत म्हणतो. तीन पाळ्यांतल्या नर्सेस एकमेकींना पाच मिनिटंच भेटतात, पण रोगी एकच. मग त्या तिघींना एक करणारी वस्तू कोणती? पलंगाच्या पायाशी टांगलेला तक्ता. तक्त्याचे नियम आम्हांला मुंबईत शिकताना पाठ करवून घेतले होते आणि इथं हिब्रूत काम करतानाही तेच नियम होते. काम झाल्याबरोबर लिहायचं, उद्यावर टाकायचं नाही. तारीख, वेळ आणि सही. चुकीचं लिहिलं गेलं तर खाडाखोड नाही, रबर नाही. एक सरळ रेघ ओढायची, म्हणजे खालचं वाचता येतं, आणि शेजारी बरोबर लिहून सही करायची. आणि सगळ्यांत मोठा नियम: जे लिहिलं नाही ते झालं नाही असं समजायचं.

हे आम्ही नातीला बोलता बोलता सांगितलं. ती म्हणाली, "मग सव्तासाठी तसाच तक्ता करू या ना. पलंगाला नको टांगायला, सगळ्यांच्या फोनमध्ये टांगू." आणि पाच मिनिटांत तिनं गूगल डॉक्सवर एक कोरा कागद उघडला, त्याला चार रकाने पाडले आणि आम्हां सगळ्यांना त्याची किल्ली दिली. किल्ली म्हणजे लिंक.

आता हा काय प्रकार आहे? साधी गोष्ट. कागद एकच आहे. तो कुणाच्या घरी नाही, दूरच्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर आहे. ज्याला परवानगी आहे तो आपल्या घरून तो वाचतो आणि त्यातच लिहितो. अश्दोदला लिहिलेलं अक्षर त्याच क्षणी ठाण्याला दिसतं. अशी सगळ्यांनी मिळून लिहायची पानं निघाली त्याला फार वर्षं झाली नाहीत. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन माणसानं, वाचणाऱ्या कोणालाही दुरुस्त करता येतील अशी पानं तयार केली आणि त्यांना 'विकी' नाव दिलं. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसगाडीवर त्यानं तो शब्द पाहिला होता. त्यातूनच पुढं २००१ साली विकिपीडिया निघाला, आणि १ मे २००३ रोजी, म्हणजे बरोबर महाराष्ट्र दिनाला, त्याची मराठी आवृत्ती सुरू झाली. तिथं मराठीतली माहिती कोणी एक पंडित लिहीत नाही, ओळखदेख नसलेली माणसं मिळून लिहितात. गूगल डॉक्स २००६ साली आलं. आमची वही या मोठ्या कुटुंबातलंच एक लहान लेकरू.

मुलांनो, आता तुमच्यासाठी एक गंमत. दोघांनी एकाच वेळी एकाच ओळीत लिहिलं तर गोंधळ कसा होत नाही? समजा ओळ आहे: "आजी चहा प्यायल्या." काका लिहितात 'बिनसाखरेचा' आणि त्याच क्षणी नात सुरुवातीला लिहिते 'दुपारी'. दोघांचे फोन सगळा कागद पाठवत नाहीत, फक्त एक चिठ्ठी पाठवतात. काकांची चिठ्ठी: "पहिल्या शब्दानंतर 'बिनसाखरेचा' घाला." नातीची चिठ्ठी: "अगदी आधी 'दुपारी' घाला." नातीची चिठ्ठी आधी पोचली आणि मोठ्या कॉम्प्युटरनं काकांचं जसंच्या तसं ऐकलं, तर काय होईल? "दुपारी बिनसाखरेचा आजी चहा प्यायल्या." बिनसाखरेच्या आजी! पण तो कॉम्प्युटर हुशार असतो. तो म्हणतो, पुढं एक शब्द वाढला आहे, तेव्हा काकांची जागा एकानं सरकवली पाहिजे. मग ओळ होते, "दुपारी आजी बिनसाखरेचा चहा प्यायल्या." खरं तर तो शब्द नाही, एकेक अक्षर मोजतो, पण युक्ती हीच. ही युक्ती १९८९ साली एलिस आणि गिब्स या दोघा संशोधकांनी मांडली.

पण मुलांनो, आणि मोठ्यांनीही हे ऐकावं, कॉम्प्युटरला शब्दांची जागा कळते, शब्दांचा खरेपणा कळत नाही. एकानं 'अर्धी गोळी' लिहिलं आणि दुसऱ्यानं 'एक गोळी', तर तो दोन्ही अगदी नीटनेटकं छापून ठेवील. खरं कोणतं ते माणसांनीच ठरवायचं असतं. आमचं पुढचं सगळं काम हेच होतं.

पहिली अडचण भाषेची. मुलगी लिहायची हिब्रूत, मेतापेलेत इंग्रजीत, काका मराठीत, आणि ठाण्याचा मुलगा मराठीच पण इंग्रजी अक्षरांत. हिब्रू उजवीकडून डावीकडे धावते आणि मराठी डावीकडून उजवीकडे. दोन्ही एका ओळीत आल्या की पूर्णविराम भलतीकडे जाऊन बसायचा आणि आकडे उड्या मारायचे. शेवटी ठरवलं, एका रकान्यात एकच भाषा. औषधाचं नाव मात्र डबीवर छापलं आहे तसंच, त्याच अक्षरांत. भाषांतर नाही, लाडकं नाव नाही, 'ती पिवळी गोळी' तर मुळीच नाही.

दुसरी अडचण आकड्यांची आणि ती जास्त धोक्याची. काका आकडे मराठीत लिहायचे. आता तुम्हीच पाहा, मराठी चार परक्या डोळ्याला इंग्रजी आठासारखा दिसतो आणि मराठी एक नवासारखा. मेतापेलेत बिचारी केरळची, तिनं मराठी चार कशाला पाहिला असेल? तिनं एकदा विचारलं म्हणून कळलं. त्या दिवसापासून या वहीत आकडे फक्त इंग्रजी. काकांना वाईट वाटलं, पण ऐकलं. इस्पितळातलेही दोन नियम आम्ही आणले. पाव-अर्ध्याचा आकडा लिहिताना टिंबाच्या आधी शून्य घालायचं, कारण नुसतं टिंब नजरेतून सुटलं तर अर्ध्याचे पाच होतात. आणि पूर्ण आकड्यापुढं टिंब आणि शून्य लावायचं नाही, नाही तर पाचाचे पन्नास वाचले जातात. 'युनिट' हा शब्दही पूर्ण लिहायचा. नुसतं पहिलं इंग्रजी अक्षर लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं. वेळ लिहायची ती इस्राएलची. ठाणं आपल्यापुढं हिवाळ्यात साडेतीन तास आणि उन्हाळ्यात अडीच तास असतं, तेव्हा मुलानं आपल्या घड्याळाप्रमाणं लिहिलं तर गोळीची वेळ चुकीची दिसायची.

तिसरी अडचण माणसांची, म्हणजे आमची आपसांतली. काकांना शुद्धलेखनाची फार आवड. कोणी 'दीली' लिहिलं की काका 'दिली' करायचे. इथवर ठीक. पण मग ते वाक्यंही सुधारू लागले. ठाण्याच्या मुलानं लिहिलं होतं, "आई फोनवर दमल्यासारखी वाटली." काकांनी त्याचं केलं, "आजींना थकवा जाणवत आहे." भाषा सुधारली खरी, पण 'फोनवर' गेला, 'वाटली' गेलं, आणि दूर बसलेल्या मुलाचा अंदाज एकदम तपासलेलं लक्षण झाला. मुलगा रागावला. आठवडाभर त्यानं वहीत पाऊल टाकलं नाही.

दोघांपैकी कोणाचं मन खोटं नव्हतं. मग नातीनं आम्हांला दोन सोयी दाखवल्या. एक, बाजूला शेरा लिहायची. मूळ वाक्याला हात न लावता समासात म्हणायचं, "इथं असं हवं का?" दुसरी, सूचना म्हणून लिहायची. मग नवं अक्षर रंगीत दिसतं, जुन्यावर रेघ येते, आणि लिहिण्याचा हक्क असलेल्यानं हो म्हटलं तरच ते पक्कं होतं. जुन्यावर एक सरळ रेघ! आम्ही नर्स मंडळी पाहतच राहिलो. वॉर्डातला तो नियम इथं यंत्रानं आपणहून पाळला होता. शिवाय 'आवृत्तींचा इतिहास' नावाचं एक दार आहे, ते उघडलं की कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय बदललं ते सगळं दिसतं आणि जुनं परत आणता येतं. म्हणजे सहीसुद्धा आली. तेव्हापासून आमचा नियम झाला: दुसऱ्याच्या वाक्याला हात लावायचा नाही, समासात विचारायचं. काकांनी मुलाच्या त्या वाक्याशेजारी शेरा घातला, "आपलेच वाक्य योग्य. क्षमस्व." दुसऱ्या दिवशी मुलगा वहीत परत आला.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

२०२३ च्या फेब्रुवारीतला एक गुरुवार. आय.एन.आर. वाढलेला आला, आणि दवाखान्यातून फोन आला की गोळी आजपासून एकाऐवजी अर्धी. मुलीनं ते पुन्हा म्हणून दाखवून खात्री केली आणि लगेच वहीत लिहिलं. गुरुवारी रात्री मेतापेलेतनं अर्धी दिली. शुक्रवारी मेतापेलेतची साप्ताहिक सुटी. शब्बाथला आजींजवळ त्यांच्या नात्यातल्या एक बाई राहायला आल्या. त्या शब्बाथ काटेकोर पाळणाऱ्या, फोन उघडणार नाहीत. त्यांच्यासाठी फ्रीजवर एक छापलेला कागद लावलेला होता. वहीतूनच काढलेला, स्वच्छ, सुरेख. पण तो काढला होता मागच्या आठवड्यात. त्यावर लिहिलेलं: रात्री आठ, एक गोळी.

बाईंनी कागद वाचला, गोळी बशीत काढली, पाणी आणलं. आजींनी बशीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कालपासून अर्धी झाली ना गं?" बाई म्हणाल्या, "कागदावर एक लिहिलंय." आजी म्हणाल्या, "कागद घेऊ दे मग. मी नाही घेणार. खाली जाऊन विचार." बाई जिना उतरून आमच्या दाराशी आल्या. मेणबत्त्या लावण्याआधी आम्ही वही वाचली होती, तरी जिवाचा प्रश्न आला की शब्बाथही बाजूला राहतो, पिकुआह नेफेश. म्हणून फोन उघडून पुन्हा पाहिलं. मुलीची नोंद, गुरुवार, अर्धी गोळी. आजी अगदी बरोबर होत्या.

एका रात्रीच्या अर्ध्या जास्त गोळीनं फार मोठं काही झालं असतंच असं नाही. पण शनिवारी पुन्हा तीच, आणि कोणाच्या लक्षात आलं नसतं तर पुढंही तीच. वॉर्डात अशा गोष्टी अशाच सुरू होतात. त्यात दोष एकट्या बाईंचा नव्हता. त्यांनी जे समोर होतं तेच वाचलं. सहा जण काळजीनं लिहीत होते, पण वहीची एक मेलेली नक्कल फ्रीजवर जिवंत असल्यासारखी बसली होती. सामायिक कागदाला हा मोठा धोका आहे. वही बदलते, छापील कागद बदलत नाही. कोणी वहीची दुसरी प्रत काढून ठेवली किंवा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला, तरी तेच.

हवदाला झाल्यावर आम्ही सगळे फोनवर जमलो. कोण चुकलं यावर वेळ घालवायचा नाही असं आधीच ठरवलं. नात म्हणाली, "एक विचारू? सव्ताला सगळं ठाऊक होतं. मग सव्ता वहीत का नाही?"

कोणीच बोललं नाही. खरंच, सहा जण आजींविषयी लिहीत होते. साखर, दाब, झोप, जेवण, शौच, सगळं. आणि जिच्या देहाची ती हकीकत, जिचं डोकं त्या रात्री सगळ्यांत लख्ख चाललं, तिचं एक अक्षर त्यात नव्हतं.

त्या आठवड्यात तीन बदल केले. पहिला: फ्रीजवर एकच कागद. शुक्रवारी दुपारी, मेणबत्त्यांच्या आधी, नवा छापायचा, वर तारीख आणि वेळ ठळक घालायची, जुना फाडून टाकायचा. दुसरा: शब्बाथला लिहिता येत नाही, मग नोंद कशी राहणार? त्यासाठी सात दिवसांच्या खणांची डबी आणली. आठवड्याच्या गोळ्या आधीच मोजून ठेवायच्या, डोस बदलला की डबीही त्याच वेळी बदलायची. शब्बाथला रिकामा खण हीच नोंद. हवदालानंतर ती वहीत उतरवायची. आणि तिसरा: पाचवा रकाना. नाव दिलं 'आजी म्हणतात'.

आजींना टाइप करता येत नाही आणि डोळेही अधू. पण फोनपुढं मराठीत बोललं की अक्षरं उमटतात ही सोय आता आहे. नातीनं फोन धरला, आजी बोलल्या. पहिली नोंद अशी: "गोळी अर्धी. बाकी मी ठीक. रोज रोज शौचाचं लिहू नका, ठाण्याला सून वाचते." आम्ही सगळे हसलो आणि तो मजकूर वेगळ्या पानावर नेला, जे फक्त मुलगी, मेतापेलेत आणि नर्स एवढ्यांनाच दिसतं. रोग्यालाही लाज असते हे आजींनी आम्हां शिकलेल्यांना एका ओळीत सांगितलं.

रकान्याचा उपयोग लवकरच दिसला. पुढं एकदा आय.एन.आर. एकदम खाली आला. गोळ्या तर सगळ्या वेळेवर दिलेल्या होत्या. आजींच्या रकान्यात मात्र लिहिलेलं, "चार दिवस पालकाची भाजी खाल्ली, छान होती." पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वानं या गोळीचा जोर कमी होतो. भाजी सोडायची नसते, रोज साधारण सारखी खायची असते. दवाखान्यातल्या नर्सबाईंना आम्ही ती ओळ वाचून दाखवली आणि उलगडा झाला.

मग हळूहळू रकाना औषधांच्या बाहेर पडला. नव्याचा सण जवळ आला तेव्हा आजींनी चिकाचा हलवा सांगितला: गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, वाटून चीक पिळून काढायचा, निवू द्यायचा, मग नारळाच्या दुधात साखर घालून हात न थांबवता ढवळत राहायचं. मेतापेलेतनं शेजारी इंग्रजीत लिहिलं की नारळाचं दूध कसं काढायचं ते केरळच्या बाईला शिकवू नका! ठाण्याच्या मुलानं लिहिलं, "आई, तू वर बदाम लावायचीस ते राहिलं." आजी म्हणाल्या, "बदाम तुझ्या बापाला हवे असायचे." बिरड्याचा रोजा आला तेव्हा वाल कसे मोड आणून सोलायचे ते आलं. नातीला मराठी बोललेलं कळायचं, वाचता येत नव्हतं. आजींचा रकाना वाचायला म्हणून ती अक्षरं शिकली. आधी फोनकडून वाचून घेई, आता स्वतः वाचते, अडखळत का होईना.

२०२३ च्या ऑक्टोबरात सायरन वाजू लागले. आजींना दिवसातून चार-चार वेळा जिन्यात आणणं शक्य नव्हतं. मुलगी येऊन आजींना आणि मेतापेलेतला येरुशलायिमला घेऊन गेली. घाईत डबी आणि दोन कपडे तेवढे घेतले गेले. तिथल्या नव्या दवाखान्यात काही विचारलं की मुलगी वही उघडायची: मागचे सगळे आकडे, सगळे डोस, तारखांसह. त्या दिवसांत आम्ही अश्दोदच्या जिन्यात बसून आजींची साखर वाचत होतो. आजींनी लिहवलं, "इथे थंडी. काकांना सांगा, कुंडीला पाणी घाला." काका सायरन थांबला की वर जाऊन पाणी घालायचे आणि तेही वेळेसह नोंदवायचे.

काका २०२४ च्या उन्हाळ्यात वारले. झोपेतच गेले, कोणाला त्रास दिला नाही. शिव्हाच्या दिवसांत नातीनं वहीचा इतिहास उघडला आणि त्यांच्या नावाखालच्या नोंदी आम्ही वाचल्या. शेवटची होती आदल्या संध्याकाळची: "साखर 142. चहा बिनसाखरेचा. आजी हसल्या." आकडा इंग्रजीत. तक्त्यावर 'रोगी हसला' असं लिहायला आम्हांला कोणी कधी शिकवलं नव्हतं.

काका गेल्यावर एक व्यवहाराचा प्रश्न पुढं आला. ही वही आहे कोणाची? ती नातीच्या खात्यात उघडलेली. खातं ज्याचं, वही त्याची. ते बंद पडलं तर सहा जणांचे श्रम जातील. गूगलनं तर डिसेंबर २०२३ पासून, दोन वर्षं कोणी उघडलं नाही असं खाजगी खातं त्यातल्या कागदांसह पुसून टाकायला सुरुवात केली आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी आईवडिलांच्या आठवणी, फोटो, कोकणातली गावं असं काहीबाही या खात्यांत ठेवलं आहे. त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. एकाच प्रतीची गोष्ट आपल्या समाजाला ठाऊक आहे. हाईम शमुवेल केहिमकरांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला, आणि तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षं ते हस्तलिखित जपलं गेलं हे आपलं नशीब. आम्ही वहीची मालकी नातीकडून तिच्या आईकडे दिली, नातीला लिहिण्याचा हक्क ठेवला, आणि 'आजी म्हणतात' हा रकाना दर नव्या सणाला कागदावर छापून दोन घरांत ठेवतो. औषधाचे जुने कागद फाडायचे, आजींचे शब्द ठेवायचे.

कोणाला आपल्या घरी अशी वही सुरू करायची असेल तर थोडक्यात एवढं पाळावं:

१. वही एकच. नक्कल नाही, फोटो नाही; पाठवायची ती लिंक.

२. 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय बंद ठेवावा. माणसांची नावं एकेक करून घालावीत. कोणी फक्त वाचणार, कोणी शेरा देणार, कोणी लिहिणार, हे वेगवेगळं ठरवता येतं.

३. तेउदात-झेहूतचा नंबर, बँकेचा नंबर, पासवर्ड वहीत कधीही नाही.

४. काम झाल्याबरोबर लिहावं. वेळ घालावी. पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं लिहावं.

५. दुसऱ्याचं वाक्य खोडू नये. समासात विचारावं.

६. औषधाचा डोस बदलायचा तो डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. तो कोणी, केव्हा सांगितला तेही लिहावं.

७. छापील कागदावर तारीख आणि वेळ. जुना कागद त्याच क्षणी फाडावा.

८. ज्याच्यासाठी वही, त्याचा एक रकाना पहिल्या दिवसापासून.

मुलांनो, तुमच्यासाठी एकच काम. या आठवड्यात आपल्या सव्ताजवळ किंवा आजोबांजवळ फोन धरा, त्यांना मराठीत दोन वाक्यं बोलायला सांगा आणि ती जशीच्या तशी ठेवा. सुधारू नका.

आजींना हा लेख वाचून दाखवला. त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, गहू तीन दिवस भिजवायचे ते थंडीत. उन्हाळ्यात दोन दिवस पुरेत. आणि दुसरी, पालकाची भाजी छान होती असं त्या म्हणाल्या होत्या ते मेतापेलेतला बरं वाटावं म्हणून. मीठ कमी होतं.